फौजदारी डाळ, दिवाणी मोड

जळगावच्या लग्नांत हल्ली एक नवा मानकरी आला आहे. मांडवात शिरलं की डाव्या हाताला पाणीपुरी, उजव्या हाताला भरीत, आणि मधोमध, जिथे पूर्वी नवरदेवाचे मामा रुसून बसायचे, तिथे एक टेबल. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर बर्फ, बर्फावर कोरलेलं कलिंगड आणि त्या कलिंगडाच्या पोटात मोड आलेले मूग, मठ, हरभरे. वर डाळिंबाचे दाणे पेरलेले. टेबलामागे जाकीट घातलेला एक पोरगा, हातात सलूनमधली असते ती फवाऱ्याची बाटली. दर पाच मिनिटांनी तो मोडांवर पाणी मारतो आणि पुन्हा सावधान उभा राहतो.

पाहुणे येतात, थांबतात, 'वा, काय सजवलंय' म्हणतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि भरिताच्या रांगेत जाऊन उभे राहतात. रांग इतकी लांब की शेवटचा माणूस मोडांच्या टेबलाला टेकलेला असतो, पण हात पुढे करत नाही. संध्याकाळी मांडव उतरायला लागतो तेव्हा मोड सकाळपेक्षा चांगले अर्धा इंच लांब झालेले असतात. वाढपी नसताना वाढलेला अख्ख्या लग्नातला तो एकच पदार्थ.

अर्थात कोणीच खात नाही असं नाही. खाणारे आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. सकाळी मेहरूण तलावाच्या काठाने फिरणाऱ्या मंडळींत एके काळी कापसाचा भाव आणि सोन्याचा भाव हे दोनच विषय असत. आता कानावर पडतं ते असं : "तुमच्याकडे किती तासांत येतात?" "छत्तीस." "आमच्याकडे चोवीसात." "आमच्याकडे मे महिन्यात बारा तासांत आले होते." मुलाच्या दहावीच्या टक्क्यांनंतर इतक्या अभिमानाने सांगितलेला दुसरा आकडा मी जळगावात ऐकलेला नाही. मग कोणीतरी आवाज खाली आणून विचारतो, "पण... पोटाचं काय?" आणि सगळे तलावाकडे बघायला लागतात.

खरं सांगायचं तर कच्चं खाण्याच्या चळवळीने शाखा उघडायला खानदेश निवडावा, ही धाडसाची कमाल आहे. आमचा सगळा स्वयंपाक अग्नीच्या कृपेवर उभा आहे. भरिताचं वांगं आम्ही गॅसवर सुद्धा भाजत नाही. त्याला कपाशीच्या काड्यांचा जाळ लागतो, आणि ते काळं ठिक्कर होईपर्यंत कोणी हात लावत नाही. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मांडे तव्यावर मावत नाहीत म्हणून उलट्या खापरावर भाजतो. मसाला काळा, कारण खोबरं, कांदा आणि खडा मसाला तांबूस होऊन आमचं समाधान होत नाही. बट्टी तर आधी उकडायची, मग कापायची, मग तळायची. एका गुन्ह्याला तीन शिक्षा. आणि वरणाला जरा रंग चढला, लसूण-मिरची जोरात झाली, की त्याला आम्ही फौजदारी म्हणतो. अशा मुलखात येऊन कोणी सांगावं, की बाबांनो, विस्तव बंद करा, सगळं कच्चं खा. सांगणारा माणूस शूर, यात शंका नाही.

फौजदारी डाळीचं एक बरं असतं. निकाल लगेच लागतो. घास गेला, ठसका आला, डोळ्यांत पाणी आलं, प्रकरण संपलं. मोडांचं काम दिवाणी दाव्यासारखं चालतं : आधी भिजत घाला, मग उपसा, मग फडक्यात बांधा, तारीख पडू द्या, मध्ये पाण्याचा शिपका मारा, पुढची तारीख घ्या. खाऊन झाल्यावरही निकाल रात्री दोनच्या सुमाराला लागतो, आणि वरच्या कोर्टात न जाता खालच्याच कोर्टात लागतो.

आमच्या शेजारचे जिभाऊ या दाव्यातले जुने पक्षकार. जिभाऊंची सगळी हयात डाळमिलमध्ये गेली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिलांची रांगच्या रांग आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा आसपासच्या जिल्ह्यांतून आणि परदेशातूनही येतो, इथे फुटतो आणि देशभर जातो. निवृत्त झाल्यावर जिभाऊंची साखर थोडी वाढली, पुण्याची लेक काळजीत पडली आणि तिने फोनवरून फर्मान काढलं, "पप्पा, घरात जे जे कडधान्य असेल त्याला मोड काढा आणि कच्चं खा."

जिभाऊंनी फोन ठेवला आणि काकूंना म्हणाले, "आता आली का पंचाईत! घरात सगळ्या डाळी."

लेकीने परत फोन करून सांगितलं, डाळीलाच मोड काढा. त्यावर जिभाऊंनी तिला जे व्याख्यान दिलं ते मी गॅलरीतून ऐकलं, आणि डाळीच्या धंद्याचं इतकं नेटकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. "बाई, तुझं शिक्षण ज्या पैशावर झालं ना, तो सगळा मोड येऊ नये म्हणून मिळालेला पैसा आहे. अख्खी तूर येते. तिला खरडतो, तेल-पाणी लावतो, उन्हात वाळवतो, साल काढतो, दोन फाका करतो. त्या दोन फाकांच्या मध्ये, टोकाला, एवढासा कोंब असतो. तो तिथेच तुटून पडतो. सालपट, चुरा आणि तो कोंब मिळून होते चुनी. चुनी जाते म्हशीला. चाळीस वर्षं आम्ही कोंब म्हशीला दिले आणि डाळ माणसाला. आता तू म्हणतेस डाळीतून कोंब काढा. म्हशीला विचार."

या हिशेबाने पाहिलं तर जळगाव जिल्ह्यातली पहिली नैसर्गिक आहारवादी म्हैसच. आणि तिच्या तब्येतीबद्दल कोणाची तक्रार नाही.

जिभाऊ शेवटी मार्केटमधून अख्खे मूग आणि मठ घेऊन आले. काकूंनी रीतसर भिजवले, धुवट धोतराच्या फडक्यात बांधले आणि ते गाठोडं मोरीच्या नळाला लटकवलं. सकाळी त्या फडक्याच्या विणीतून पांढऱ्या शेपट्या बाहेर आलेल्या. गाठ सोडली तर दाणे फडक्याला सोडेनात. मोड फडक्याच्या सुतांत शिरून पलीकडे निघालेले, ओढले तर तुटत होते. काकू एकेक दाणा सोडवत बसल्या आणि जिभाऊ समोर वाटी घेऊन बसले. बाजूला ओट्यावर पोह्यांना फोडणी पडली होती. त्या फोडणीच्या वासात माणसाने कच्च्या मठाकडे एकाग्र होणं ही साधना आहे.

त्यानंतरच्या दिवसांत जिभाऊ भेटले की म्हणत, "एकदम हलकं वाटतं बरं का." वाटणारच. त्यामागे शुद्ध रसायनशास्त्र आहे. कडधान्याच्या दाण्यात रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज अशा नावांच्या शर्करा असतात. बी रुजताना लागेल म्हणून झाडाने ती शिदोरी बांधून दिलेली असते. ती सोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं विकर लागतं, आणि ते माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे ही शिदोरी न उघडता तशीच मोठ्या आतड्यात पोचते. तिथे जंतूंची वस्ती. त्यांना आयती पंगत मिळते आणि पंगत उठली की हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही भाग्यवंतांत मिथेन असे वायू तयार होतात. यातला हायड्रोजन एके काळी फुगे उडवायला वापरत. पोटात तो भरल्यावर जिभाऊंना हलकं वाटलं तर त्यात नवल काय?

एक गोष्ट या वायूंच्या बाजूने नोंदवायला हवी. वर सांगितलेल्या तिघांनाही वास नसतो. सगळी बदनामी होते ती गंधकाच्या चिमूटभर संयुगांमुळे. पण भर सभेत हा खुलासा करायला कोणी उभा राहत नाही.

आता गंमत अशी, की या प्रकरणात शास्त्र मोडांच्या बाजूने साक्ष देतं. दाणा रुजायला लागला की त्याच्याच आत ते विकर जागं होतं आणि दाणा आपली शिदोरी आपणच खायला लागतो. म्हणजे नुसत्या भिजवलेल्या दाण्यापेक्षा मोड आलेला दाणा पोटाला कमी छळतो. लोह आणि जस्त अडवून धरणारं फायटिक आम्लही कमी होतं. क जीवनसत्त्व वाढतं. हे सगळं खरं आहे, आणि मोडवाले ते सांगतात. ते सांगत नाहीत ते एवढंच, की दाण्यातली प्रथिनं पचू न देणारे काही पदार्थ रुजल्यावर कमी होतात, संपत नाहीत. ते संपवायला उष्णताच लागते. राजमा तर कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर सरळ विषबाधा होते, मग त्याला मोड येवोत की तुरा येवो. आणि क जीवनसत्त्वाचं म्हणाल तर 100 ग्रॅम मोडाच्या मुगात ते साधारण 13 मिलिग्रॅम असतं; तेवढ्याच पेरूत 200 च्या वर. पेरूला मोड काढावे लागत नाहीत, फडकं धुवावं लागत नाही, रात्री दोनला उठावं लागत नाही. त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही, कारण पेरू खाऊन माणूस सकाळच्या फिरण्यात बोलणार काय?

मोड जितका लांब तितका गुण जास्त, असाही एक समज मेहरूणच्या काठावर आहे. लांब मोडाच्या मुगात 100 पैकी 90 ग्रॅम पाणी असतं आणि प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम. मे महिन्यात जळगावात पाण्याचे हाल असतात हे मान्य, पण ते मुगातून प्यायची वेळ अजून आलेली नाही.

कच्च्या मोडांवर जगायचा प्रयोग करणारे जिभाऊ पहिले नव्हेत. त्यांच्या आधी एका फार मोठ्या माणसाने तो केला, आणि त्या माणसाचं भव्य स्मारक-संग्रहालय जळगावच्याच जैन हिल्सवर 2012 सालापासून उभं आहे : गांधीतीर्थ. 1929 च्या मे महिन्यात गांधीजींनी चुलीला रजा दिली. राजमहेंद्रीचे गोपाळराव नावाचे गृहस्थ न शिजवलेल्या अन्नाचे पुरस्कर्ते होते, त्यांच्याकडून ही कल्पना आली. गांधीजींचं काम चोख. त्यांनी 'यंग इंडिया'त रोजचं मापच छापलं. मोड आलेले गहू 8 तोळे, बदामाचा वाटून केलेला लगदा 8 तोळे, वाटलेला हिरवा पाला 8 तोळे, आंबट लिंबं 6 आणि 2 औंस मध. आठवड्यात दोन-तीनदा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे, आणि हरभरे असतील त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचं दूध.

आठ तोळे म्हणजे सुमारे 93 ग्रॅम. तोळ्यावर ज्या गावाचा सराफ बाजार चालतो, त्या गावाला ही यादी वाचताना आपोआप आदर वाटतो. जिभाऊंना मी ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी गव्हाकडे, पाल्याकडे लक्षच दिलं नाही. म्हणाले, "रोज आठ तोळे बदाम? मोड गरिबाचे आणि बदाम सराफाचे. लेकीने ही दुसरी ओळ मला सांगितलीच नाही."

प्रयोगात आश्रमातली इतरही मंडळी उतरली होती. ऑगस्टपर्यंत गांधीजींना आमांशाने गाठलं, प्रयोग आवरता घ्यावा लागला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. त्यांचा मोठेपणा असा की यशाचं माप जसं छापलं तसंच अपयशही छापलं. आजकाल मोडांवर बोलणारे लोक पहिल्या तीन महिन्यांची बातमी देतात, चौथ्या महिन्याची देत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या 1929 च्या यादीत मीठ नाही. प्रयोग थांबल्यावर सातच महिन्यांत, मार्च 1930 मध्ये, गांधीजी साबरमतीहून निघाले आणि दांडीला जाऊन त्यांनी मीठ उचललं. इतिहासकार यामागे वेगळी कारणं देतात आणि ती बरोबरच असतील.

पुढे डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या फैजपूरला झालं. पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर. ज्याने कोणी यावल-रावेरच्या पट्ट्यात, केळीच्या बागांशेजारी आणि ऐन भरिताच्या हंगामात अधिवेशनाचा मुहूर्त धरला, त्याला माझा कायमचा नमस्कार.

तसं पाहिलं तर आपल्याकडे धान्याला कोंब काढायची परंपरा जुनीच आहे. घटस्थापनेला परडीत माती घालून त्यात धान्य पेरतो, नऊ दिवस पाणी घालतो, हळदीच्या रंगाचे कोवळे कोंब वितभर वर येतात. पण दसऱ्याला त्यांचं काय करतो? टोपीत खोचतो, कानावर ठेवतो, देवाला वाहतो. इतक्या पिढ्यांत एकाही आजोबांनी ते कोंब लिंबू पिळून खाल्ले नाहीत. आपल्या पूर्वजांनी कोंबाची जागा पोटात न ठरवता डोक्यावर ठरवली. आणि आता तेच गव्हाचे कोंब मिक्सरमधून काढून, हिरव्या रसाचा एवढासा पेला करून, सकाळी बागेच्या दाराशी विकतात. पिणाऱ्याचं तोंड पाहिलं तर पूर्वजांबद्दलचा आदर वाढतो.

आणि कच्चं आम्ही खात नाही असं थोडंच आहे? शेतातल्या न्याहारीला कांदा बुक्कीनेच फोडायचा. सुरी आणली तर सालदार हसतो. मुळा पाल्यासकट. हरभऱ्याचे घाटे बांधावर बसून सोलायचे. मेहरूणची बोरं, कैऱ्या, चिंचा, आणि हिरवी मिरची तर भाकरीबरोबर काकडी समजून. फक्त त्याला आम्ही आहारपद्धती म्हणत नव्हतो, त्याची वर्गणी भरत नव्हतो आणि बुक्की मारल्यानंतर फोटो काढत नव्हतो.

शिजवण्याच्या बाजूने सगळ्यात जोरदार युक्तिवाद हार्वर्डच्या रिचर्ड रँगम या मानववंशशास्त्रज्ञाने केला आहे. 2009 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा सारांश असा, की माकडाचा माणूस झाला तो चुलीमुळे. शिजलेलं अन्न लवकर चावून होतं, जास्त पचतं, आतड्यांचं काम कमी होतं आणि वाचलेली शक्ती मेंदूला मिळते. चिंपांझीचे दिवसातले सहा-सहा तास नुसते चावण्यात जातात. खानदेशी माणसाने हे वाचलेले सहा तास कुठे खर्च केले, हे संध्याकाळी कुठल्याही पारावर जाऊन बसलं की कळतं. मोडांची कच्ची वाटी नीट चावून खायची तर जिभाऊंना पाऊण तास लागे, आणि त्या वेळात त्यांना बोलता येत नसे. काकूंना या आहाराचा एवढा एकच गुण पटला होता.

एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोडांना जे हवं असतं, म्हणजे ऊब, ओल आणि अंधार, तेच रोगजंतूंनाही हवं असतं. 2011 च्या मे महिन्यात जर्मनीत इ. कोलायची मोठी साथ आली. जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले, पन्नासाहून अधिक दगावले. आधी आळ स्पेनच्या काकडीवर आला. शेतकऱ्यांची काकडी सडली, मग काकडी निर्दोष सुटली. तपास शेवटी पोचला तो मेथीच्या मोडांपर्यंत, आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. हे थंड हवेच्या देशात झालं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात. सकाळी बांधलेलं गाठोडं संध्याकाळी उघडलं तर मोडांआधी वास बाहेर येतो, आणि दाण्यांना बोट लावलं की बुळबुळीत लागतं. असे मोड फेकायचे, धुऊन शुद्ध करायला जायचं नाही. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांनी तर मोड शिजवूनच खावेत. एक उकळी आली की हा सगळा प्रश्न मिटतो. आणि उकळी आणण्यात आमच्या बायाबापड्यांनी कधी हयगय केलेली नाही. मोड काढायचे आणि मग त्यांची उसळ करायची, हा मधला मार्ग त्यांनी कुठलंही पुस्तक न वाचता काढला. पण मधल्या मार्गाचं शिबिर भरत नाही.

मार्गावरून धुळ्याची आठवण झाली. जळगावहून एरंडोल-पारोळ्याच्या वाटेने धुळ्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेवभाजीच्या पाट्या असतात. आता धुळं हे गाव अध्यात्माच्या बाबतीत साधं नाही. इथल्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराची सात्त्विक, राजस, तामस अशी वाटणी आहे. राजस आहाराची लक्षणं दिली आहेत : कडू, आंबट, खारट, फार गरम, तिखट, कोरडा आणि आग करणारा. धुळ्याच्या ढाब्यावर बसून हे आठवलं तर वाटतं, भगवंतांनी समोर मेन्यूकार्ड ठेवूनच हे सांगितलं. तामस आहारात मात्र शिळं, रस गेलेलं, वास मारणारं असं सगळं येतं. म्हणजे धुळ्याच्या उन्हात सकाळी सात्त्विक असलेले मोड संध्याकाळपर्यंत तामस होतात, आणि मधलं राजस स्टेशन ही गाडी घेतच नाही.

माझी मावशी धुळ्याला असते. तिचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. तो परवा सुट्टीला आला तो संपूर्ण कच्चाहारी होऊन आला. मी नेमका तिथेच होतो. त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि भोकाच्या झाकणाच्या बरण्या जास्त. मावशीने एक बरणी उजेडात धरली, आतले मोड न्याहाळले आणि मला विचारलं, "हाई काय शे रे भाऊ? हाई ते ढोरेसनं खाणं शे."

मुलाने न चिडता समजावलं. जिवंत अन्न, विकरं, प्राणशक्ती. मावशी ऐकत होती आणि लसूण सोलत होती. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या दादरच्या पोत्याकडे गेली. दादर ही आमची रब्बीची ज्वारी. टपोरा पांढरा दाणा, भाकरी अशी की नुसती खावी. तो म्हणाला, "माय, पुण्याला गव्हाचे कोंब खातात. आपण दादरचे काढू. एकदम लोकल."

लसूण सोलायची थांबली. "जवारीना कोंब? कोवळी जवारी आम्ही ढोरेसले बी चारतस नही."

मावशीची शाळा चौथीपर्यंत. पण पावसाने ताण दिल्यावर कोवळ्या ज्वारीच्या वावरात बैल शिरला तर काय होतं, हे तिने माहेरी पाहिलेलं. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरीन नावाचं द्रव्य असतं, चावलं-चिरडलं की त्यातून सायनाइड सुटतं. ज्वारीच्या मोडाचं पीठ करणारे लोक सुद्धा आधी दाणे वाळवून कोंब-मुळ्या चोळून काढून टाकतात, आणि मग पीठ शिजवतात. मुलाने मोबाईल काढला, शोधलं, वाचलं, आणि दादरचं पोतं होतं तिथेच राहिलं. मावशीला त्याने काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

पण कच्च्याचा हट्ट कायम. दुपारी त्याने स्वतःची वाटी वाढून घेतली : मूग, मठ, वर किसलेलं गाजर. आम्ही दोघं भरिताच्या ताटावर. सकाळी परसात काड्यांच्या जाळावर वांगी भाजली होती. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पातीचा कांदा, सोबत कळण्याची भाकरी. जाळाचा वास अजून घरात होता. त्याने दोन चमचे मूग चावले. चावता चावता ताटाकडे पाहिलं. मुगाचा तिसरा चमचा वाटीतच फिरायला लागला.

मावशीने हे सगळं पाहिलं, पण आई असल्यामुळे पाहिलं नाही असं दाखवलं. ती उठली, एका ताटलीत भरीत घातलं, मधे खळगा केला, त्यात बुधलीतून शेंगदाण्याचं तेल ओतलं आणि ताटली त्याच्यासमोर सरकवली.

"माय, मी फक्त कच्चं खातो."

"मंग? कच्चंच शे."

"यात कच्चं काय आहे?"

"तेल," मावशी म्हणाली. "वरतून टाकेल शे ना. फोडणीनं नही."

त्याने क्षणभर विचार केला, भाकरी मोडली आणि तेलाच्या बाजूने सुरुवात केली.